खालच्या चौकटीतली पत्रं

मित्रांनो, तुम्ही मला कधीच हातात धरू शकणार नाही. मला पुठ्ठा नाही, पानं नाहीत, माझ्यावर धूळसुद्धा बसत नाही. तरी मी जुनी झाले आहे. मी एक वाचनयादी आहे. विद्यापीठातल्या एखाद्या विषयासाठी कोणती पुस्तकं वाचायची आणि ती कुठे मिळतील, हे मुलांना पडद्यावर सांगायचं, एवढंच माझं काम. माझा विषय ‘कोळशाच्या खाणी आणि खाणीची गावं’. माझ्या पोटात एकेचाळीस पुस्तकं आहेत.

आणि माझ्यामुळे एक मुलगी शिक्षण सोडून घरी निघाली होती. तिचं नाव टेस्नी. ती कशी निघाली आणि पुढे काय झालं, ते सांगायचं म्हणजे मला माझ्या जन्मापासून सुरुवात करायला हवी.

माझा जन्म सात वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात झाला. वेल्समधल्या एका दरीच्या तोंडाशी आमचं लहानसं विद्यापीठ आहे. त्याच्या ग्रंथालयात, दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनच्या शेजारच्या टेबलावर. मला दोघांनी मिळून घडवलं. एक डॉक्टर गेथिन प्रोथेरो. विषय त्यांचा. आणि दुसरी डेलिथ. आमच्या दरीत निम्म्या लोकांची आडनावं सारखीच, त्यामुळे माणूस त्याच्या कामावरून ओळखायची पद्धत आहे. दूध घालणारा तो जोन्स-दूध, चर्चची घंटा वाजवणारा तो एवन्स-घंटा. डेलिथ ग्रंथालयात वाचनयाद्यांचं काम बघते, म्हणून ती डेलिथ-याद्या. तिला ते आवडतं.

त्या दिवशी डॉक्टरांनी पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढला. वीस वर्षं ते वर्गात त्याच्याच प्रती वाटत होते. त्यावर चहाच्या कपाचे तीन गोल होते आणि एका लेखकाचं नाव त्यातल्या एका गोलात बुडालं होतं.

“डॉक्टर, ही यादी आहे की तुमच्या घरच्या कपाटाची मोजदाद?” डेलिथ म्हणाली.

“एकही पुस्तक काढणार नाही. आधीच सांगून ठेवतो.”

“काढू नका हो. पण प्रत्येकापुढे लिहावं लागतं. अत्यावश्यक, वाचावे, की सवडीने. त्यावरून आम्ही ठरवतो किती प्रती घ्यायच्या.”

डॉक्टरांनी चष्मा नाकावर घेतला आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस पुस्तकांपुढे ‘अत्यावश्यक’ लावून टाकलं.

“सगळीच? मग पोरांनी जेवायचं कधी?”

“आम्ही जेवताना वाचायचो.”

“म्हणूनच कागदावर चहा सांडलाय.”

दोघं हसले. असं हसत-हसत मी झाले. डेलिथने एकेक पुस्तक शोधून मला जोडलं. जे संगणकावर वाचता येतं त्याची लिंक दिली. जे मिळतच नव्हतं, त्याचं नियमाने जेवढं चालतं तेवढं, म्हणजे एकच प्रकरण, यंत्रावर पालथं ठेवून उतरवून घेतलं. खाणीतल्या घोड्यांवरचं ते प्रकरण. त्याच्या सत्त्याऐंशीव्या पानावर उजव्या कोपऱ्यात तिच्या अंगठ्याची सावली आली आहे. पुन्हा करायला वेळ नव्हता, राहिली. मला ती जन्मखूण वाटते.

काम संपत आलं तेव्हा डेलिथ जरा घुटमळली. मग म्हणाली, “डॉक्टर, एक विचारू? मी सोळाव्या वर्षी शाळा सोडली. माझे वडील खाणीत होते, तुम्हाला माहीतच आहे. यातलं एखादं वाचावंसं वाटतं. पण एवढ्या ढिगात सुरुवात कुठून करायची?”

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. “अगं, हे विचारणारं माणूस मला वर्गात वर्षानुवर्षं भेटत नाही,” ते म्हणाले. “थांब. लिहितो.”

आता मित्रांनो, इथेच ती चूक झाली. माझ्या प्रत्येक पुस्तकाखाली दोन चौकटी असतात. वरची चौकट मुलांसाठी. तिथे शिक्षक जे लिहील ते मुलांना दिसतं. खालची चौकट ग्रंथालयासाठी. तिथे ‘आणखी दोन प्रती मागवा’, ‘पान फाटलं आहे’ असली कामाची बोलणी करायची. ती मुलांना दिसत नाही. दोन्ही चौकटी सारख्याच लांब, सारख्याच रुंद, सारख्याच राखाडी. डेलिथने त्यांना एकदा सांगितलं होतं. डॉक्टरांनी एकदाच ऐकलं होतं.

घरी जाऊन त्यांनी पहिल्या पुस्तकाखाली लिहिलं: “हे सहाशे पानांचं आहे, घाबरू नकोस. पहिली चार प्रकरणं सोडून दे. पाचव्यापासून माणसं येतात.” लिहिलं मुलांसाठी. पडलं खालच्या चौकटीत.

खालच्या चौकटीतलं जे काही असतं ते डेलिथच्या पडद्यावरच्या कामाच्या ट्रेमध्ये जातं. सकाळी तिने ट्रे उघडला. दोन ठिकाणच्या तक्रारी, एका हरवलेल्या नकाशाची चौकशी आणि मधेच हे. तिने ते दोनदा वाचलं. कालच तर आपण विचारलं होतं, सुरुवात कुठून करायची म्हणून. आज उत्तर आलं. मुलांसाठी त्यांनी वरच्या चौकटीतही असंच लिहिलं असणार, असं तिने धरलं. तिने पर्समधून निळी वही काढली, त्यात ते उतरवून घेतलं आणि टिपेवर ‘पाहिले’ अशी खूण केली. खूण केली की टीप ट्रेमधून नाहीशी होते.

इकडे डॉक्टरांना त्यांच्या पडद्यावर ‘पाहिले’ दिसलं. त्यांना वाटलं, मुलं वाचताहेत. त्यांचा हुरूप वाढला.

सहा वर्षं हे चाललं. दर उन्हाळ्यात आम्हा याद्यांची नक्कल करून आम्हाला नव्या वर्षात ढकलतात. आमच्या टिपाही आमच्याबरोबर येतात. आणि दर उन्हाळ्यात डॉक्टर पाच-सात नव्या टिपा लिहीत. “घोड्यांचं प्रकरण आधी वाच. त्यात आकडे कमी आणि जीव जास्त.” “हा लेखक कंटाळवाणा वाटेल. दोष तुझा नाही, त्याचाच आहे. त्याने भरपेट जेवून लिहिलं असावं.” बायकांच्या आठवणींच्या पुस्तकाखाली तर त्यांनी लिहिलं, “आंघोळीच्या पाण्याचा भाग सावकाश वाच. घरात खाणीतून आलेली तीन माणसं असली तर एका बाईला दिवसाला किती पाणी तापवावं लागे, याचा हिशेब मी आईला कधी विचारला नाही. तू तुझ्या घरी विचार.”

डेलिथने विचारलं. आईला बऱ्याच वर्षांनी कुणीतरी काहीतरी विचारलं होतं. ती दुपारभर बोलत बसली.

अशी डेलिथ माझ्यातली पुस्तकं एकामागून एक वाचत गेली. डबा खाताना, केस वाळवताना, आईला दवाखान्यात घेऊन गेल्यावर नंबर येईपर्यंत. डॉक्टर भेटले की त्यांना आभाराचं काही बोलावं असं तिला वाटे. पण ती लाजायची. मोठ्या माणसाने न सांगता केलेल्या चांगल्या गोष्टीचा गवगवा करू नये, असं तिला घरी शिकवलेलं होतं. म्हणून ती नुसती नीट, वेळेवर ‘पाहिले’ची खूण करायची. तेच तिचं आभाराचं पत्र.

मला मात्र सगळं दिसत होतं. आणि मला तोंड नव्हतं.

कारण मुलांना काय दिसत होतं? एकेचाळीस पुस्तकांची नावं. एकाखाली एक. प्रत्येकापुढे लाल अक्षरात ‘अत्यावश्यक’. बस. मुलं सप्टेंबरमध्ये मला उघडायची, खालपर्यंत एकदा सरकवायची आणि मिटायची. काही लिंका मेल्या. कुणी सांगितलं नाही, कारण कुणी तिथवर पोचलंच नाही. डॉक्टर वर्गात म्हणायचे, “यादीत मी सगळं लिहिलंय रे. ते नीट वाचा म्हणजे झालं.” मुलांना वाटायचं, सगळं म्हणजे सगळी पुस्तकं. वर्षाच्या शेवटी निबंध तपासताना डॉक्टर सुस्कारा सोडायचे. “एवढं समजावून लिहितो, तरी वाचत नाहीत.”

अशा सातव्या वर्षी टेस्नी आली.

टेस्नी चोवीस वर्षांची. दरीच्या अगदी वरच्या टोकाच्या गावातली. तिला आठ महिन्यांची मुलगी होती, कादी. विद्यापीठात यायला बसने सव्वा तास. त्या सव्वा तासात कादी मांडीवर झोपली की टेस्नी डाव्या हाताने तिला सावरायची आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने फोनवर मला उघडायची. त्या अंगठ्याची वाट मला पाठ झाली होती. उघडायचं, पहिल्या पुस्तकावर थांबायचं, त्यातली दोन पानं वाचायची. तेवढ्यात कादीने कूस बदलली की बंद. पुन्हा उघडायचं. पुन्हा तेच पान. कधी कादीचाच ओला हात माझ्यावर पडायचा आणि मी एकदम शेवटच्या पुस्तकावर जाऊन आदळायचे. तेव्हा टेस्नी हसायची. पहिल्या महिन्यात हसायची.

ती प्रामाणिक होती, हीच तिची अडचण. यादीत पहिलं आहे ते पहिलं वाचायचं, असं तिने धरलं. पहिलं म्हणजे ते सहाशे पानी. ज्याची पहिली चार प्रकरणं सोडून द्यायची, ते. कोळशाच्या वाहतुकीचे दर, बंदरांचे तक्ते. सात आठवड्यांत ती चौऱ्याण्णवाव्या पानावर पोचली. उरलेली चाळीस पुस्तकं खाली रांगेत उभी. निबंध पंधरा दिवसांवर. बाकीच्यांचं सगळं वाचून झालं असणार, असं तिला वाटत होतं. तिला वाटत होतं की डोकं बहुतेक बाळंतपणात कुठेतरी राहिलं.

मित्रांनो, मी तिला ओरडून सांगितलं असतं. पाचवं प्रकरण! घोडे! ते सगळं माझ्या पोटातच होतं, एका चौकटीच्या अंतरावर.

मग एका बुधवारी सकाळी टेस्नी ग्रंथालयाच्या काउंटरवर आली. एका खांद्यावर पिशवी, दुसऱ्यावर कादी. बुधवारी काउंटरवर डेलिथ बसते. टेस्नीने नऊ पुस्तकं काढून ठेवली आणि वर एक फॉर्म ठेवला. शिक्षण सोडत असल्याचा. ग्रंथालयाचं काही देणं नाही, अशी सही त्यावर लागते.

डेलिथने फॉर्म वाचला आणि लगेच सही केली नाही. “सगळीच परत?” तिने विचारलं. “खाणींचा विषय ना तुझा? आमच्या प्रोथेरोंचा?”

“हो. पण झेपत नाही मला. ती यादी माझ्यासारखीसाठी नाहीये.”

“कोण म्हणतं?”

“मीच म्हणते. पहिलंच पुस्तक संपत नाही. बाकीचे लोक म्हणे जेवताना वाचतात. मी जेवते तेच उभ्याने.”

“अगं पोरी, पण पहिल्या पुस्तकाची चार प्रकरणं सोडायचीच आहेत.”

“कोणी सांगितलं?”

“लिहिलंय की यादीत.”

“कुठे लिहिलंय?” टेस्नीचा आवाज चढला. “मला यादी पाठ आहे. यादीत ‘अत्यावश्यक’ सोडून काही लिहिलेलं नाही.”

डेलिथने आपला पडदा तिच्याकडे फिरवला. टेस्नीने आपला फोन पुढे केला. मी दोन्हीकडे होते, शेजारी-शेजारी. इकडे भरलेली, तिकडे रिकामी. डेलिथ एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. मग तिने एक बटण दाबलं. ‘विद्यार्थ्याच्या नजरेने पाहा’. ते बटण माझ्या जन्मापासून तिथे होतं. सहा वर्षांत ते कुणीच दाबलं नव्हतं. तिने नाही, डॉक्टरांनीही नाही. दाबल्याबरोबर तिच्या पडद्यावरच्या सगळ्या टिपा गेल्या. उरली लाल अक्षरं.

डेलिथला कळलं. खुर्चीत ती जरा मागे सरकली. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. सहा वर्षं जे पत्र ती आपलं म्हणून वाचत होती, त्यावर दुसऱ्याचं नाव होतं.

कादी तेवढ्यात फॉर्मचा कोपरा चघळत होती. टेस्नीने तो ओढून घेतला. “सही करताय ना?”

डेलिथने डोळे पुसले आणि म्हणाली, “ओला कागद आम्ही घेत नाही. वाळू दे. तोवर बस इथे. बाळ दे माझ्याकडे.”

आणि तिने पर्समधून निळी वही काढली. कादीला कडेवर घेऊन ती वाचायला लागली. घाबरू नकोस. पाचव्यापासून माणसं येतात. घोड्यांचं आधी वाच. कंटाळवाण्या लेखकापाशी आली तेव्हा टेस्नी फस्सकन हसली. “भरपेट जेवून लिहिलं असावं! हे प्रोथेरोंनी लिहिलंय? ते वर्गात तर इतके...”

“वर्गात ते घाबरतात,” डेलिथ म्हणाली. “मुलं समोर असली की त्यांना बोलता येत नाही. त्यांना एकाच माणसाशी बोलता येतं.”

आंघोळीच्या पाण्यापाशी आली तेव्हा टेस्नी हसायची थांबली. “माझ्या पणजीच्या घरी चार होते,” ती म्हणाली. “बाप आणि तीन भाऊ.” मग म्हणाली, “यावर निबंध चालेल का हो?”

“मला काय विचारतेस? मी सोळाव्या वर्षी शाळा सोडली.” पण लगेच म्हणाली, “चालेल. बाराव्या नंबरचं पुस्तक बघ, त्यात आकडे आहेत. आणि तुझी आजी असेल तर तिला विचार.”

त्या दुपारी डॉक्टर प्रोथेरोंना बोलावणं गेलं. ते थर्मास आणि वेल्श केकची पिशवी घेऊन आले, त्यांना वाटलं कुणाचा तरी निरोप समारंभ आहे. डेलिथने त्यांना पडद्यासमोर बसवलं आणि दोन्ही रूपं दाखवली. त्यांच्या हातातला केक तसाच राहिला.

“म्हणजे मुलांनी एकही टीप वाचली नाही.”

“नाही.”

“मग ते ‘पाहिले’, ‘पाहिले’ कोण करत होतं?”

“मी.” डेलिथ पडद्याकडे बघत म्हणाली. “मला वाटलं, तुम्ही मला लिहिताय. मी विचारलं होतं ना... सुरुवात कुठून करायची.”

डॉक्टर तिच्याकडे वळले. “तू सगळी पुस्तकं वाचलीस?”

“चौतीस. ते चाळीस नंबरचं तर सुरूही झालं नाही.”

“ते माझंही झालेलं नाही,” डॉक्टर म्हणाले. मग थोड्या वेळाने, “डेलिथ, मी लिहीत होतो मुलांना. खोटं कशाला बोलू? पण टीप लिहायची हे मला तुझ्यामुळे सुचलं. आणि लिहायला बसलो की डोळ्यांसमोर कुणीतरी लागतं. मुलांचे चेहरे दर वर्षी बदलतात. झेरॉक्स मशीनपाशी उभं राहून विचारणारी तू तेवढी बदलली नाहीस.”

डेलिथने थर्मासमधला चहा ओतला. थोडा टेबलावर सांडला. कुणी पुसला नाही.

मग कामाला लागले. सगळ्या टिपा खालून उचलून वर ठेवल्या. मेलेल्या लिंका काढल्या. “आता खरंखरं सांगा,” डेलिथ म्हणाली, “यातली अत्यावश्यक किती?”

“तूच सांग. वाचलेलं माणूस इथे तूच आहेस.”

“सात.”

“सात?” डॉक्टर कळवळले. “घोडे आहेत ना सातात?”

“घोडे पहिले.”

मग ‘प्रकाशित करा’चं बटण आलं. त्याच्यावर बोट ठेवून डेलिथ क्षणभर थांबली. मला कळत होतं ती का थांबली. दाबलं की त्या टिपा सगळ्यांच्या होणार होत्या. निळ्या वहीतली गोष्ट चारचौघांत जाणार होती. तिने समोर पाहिलं. खिडकीपाशी टेस्नी कादीला मांडीवर घेऊन फोन हातात धरून बसली होती, वाट बघत.

डेलिथने बटण दाबलं.

खिडकीपाशी अंगठा हलला. वरपासून खालपर्यंत गेला आणि, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, पुन्हा वर आला.

टेस्नीने फॉर्म दिला नाही. वर्षाच्या शेवटी ती पहिली-बिहिली आली नाही. पास झाली. तापवलेल्या पाण्याचा निबंध तिने आजीशेजारी बसून लिहिला. घोड्यांचं प्रकरण बसमध्ये वाचलं आणि दुसऱ्या बुधवारी काउंटरवर येऊन म्हणाली, “सत्त्याऐंशीव्या पानावरचा अंगठा तुमचा का?” डेलिथने अंगठा पुढे केला. कादीने तो तोंडात घातला.

मित्रांनो, मी साधी यादी आहे. मोठा उपदेश करायचा मला अधिकार नाही. पण उद्या तुमच्यातलं कुणी शिक्षक होईल, कुणी दुसऱ्यासाठी यादी करील. तेव्हा नुसती नावं रचू नका. जिथे वाट सोपी आहे तिथे बोट दाखवा. आणि प्रेमाने लिहिलेलं पोचलं की नाही, हे एकदा पलीकडच्या बाजूने जाऊन बघा. लिहिणाऱ्याच्या जागेवरून ते नेहमीच पोचलेलं दिसतं. आणि मला वर्षातून एकदा तरी उघडा. लिंका मरतात, तेव्हा आवाज होत नाही.

आता माझ्या खालच्या चौकटी रिकाम्या आहेत. कामापुरत्या वापरतात. फक्त चाळीस नंबरच्या पुस्तकाखाली, ज्याला दोघांनी हात लावला नाही त्याच्याखाली, या उन्हाळ्यात एक टीप आली आहे. ती मुलांना दिसत नाही. दिसायची नाहीच.

“डेलिथ, हे आपण दोघं वाचू. मी पुढून सुरुवात करतो, तू मागून कर. मध्ये कुठेतरी भेटू. गेथिन.”

ती तिने वाचली आहे. मला माहीत आहे, कारण रोज सकाळी कामाला लागायच्या आधी ती एकदा ती उघडते. पण ‘पाहिले’ची खूण तिने अजून केलेली नाही. खूण केली की टीप ट्रेमधून जाते ना.